बेंबीतला हिंग

मी शाळेत विज्ञान शिकवते. हात कसे धुवायचे, जखमेला काय लावायचं नाही, हे पोरींकडून घोकून घेणारी बाई मी! म्हणूनच अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिचं अपेंडिक्स वर्ध्याच्या दवाखान्यात दुर्बिणीतून काढलं. पोटाला तीन बारीक छिद्रं, त्यातलं मोठं बेंबीत. सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पट्टी ओली करू नका, उचकटू नका, वरून काही लावू नका. मी मान डोलावली. मला काय सांगता, असा माझा तोरा.

हिंगणघाटला घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं पोट फुगलं. "आई वं, गॅस अडकला, काईतरी कर ना!" ती विव्हळत होती आणि माझं डोकं चालेना. ती तान्ही असल्यापासून पोट दुखलं की मी हिंग पाण्यात कालवून बेंबीत लावायची. हात आपोआप डब्याकडे गेला. पट्टीची कड उचलली, बोट फिरवलं, पट्टी परत दाबून बसवली. पोर शांत झाली. "बाबाले सांगू नको," मी म्हटलं.

दोन दिवसांनी बेंबी लालभडक, अंगात ताप, पट्टीखालून पिवळं पाणी. एसटीत तिला मांडीवर घेतलं तर साडीतून चटका बसत होता. देवा, माझा हात झडू दे, पण हिला काही होऊ देऊ नको, एवढंच मनात चाललं होतं. नवरा शेजारी बसून ओल्या रुमालानं तिचं कपाळ पुसत होता.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. "घरी काही लावलं होतं का?"

मी पिशवीतून दवाखान्याचे कागद काढू लागले.

"आतून पू येत असेल तर पुन्हा भूल देऊन बघावं लागेल," त्या म्हणाल्या. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी तिलाच विचारलं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"नाई. काईच नाई लावलं."

मेले मी! माझं नाव येऊ नये म्हणून ती पुन्हा टेबलावर झोपायला तयार होती. "मी लावला हिंग," मी ओरडलेच. "बेंबीत. याच बोटानं."

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. सोनोग्राफीत आत काही निघालं नाही, पू बेंबीतच होता. टाका उकलला, औषध बदललं, जखम रोज धुवायची ठरलं. धुताना ती किंचाळायची आणि मी तिचे पाय धरून रडायची. असे कितीतरी दिवस गेले.

आता ती ठणठणीत आहे. विसर आता, असं सगळे म्हणतात. परवा तिच्या शाळेतून फोन आला, पोरगी पोट धरून बसली आहे म्हणून. धावत गेले. सकाळपासूनच दुखत होतं म्हणे.

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

तिनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले.

"तू काईतरी लावशीन."