धुळाचा घोंगड्याखालचा वर्ग

धुळाची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी मेलो. निदान माझा स्वतःचा समज तसा झाला होता.

साल एकोणीसशे सत्तावीस. मी बावीस वर्षांचा, सोलापुरातल्या एका दवाखान्यात कारकून म्हणून लागलेला, नोकरीचा पहिला दिवस. अंगात नवा कोट, डोक्यावर नवी टोपी, चेहऱ्यावर सगळा दवाखाना आता माझ्याच भरवशावर चालणार असा भाव. मागच्या व्हरांड्याचं वळण घेतलं आणि समोरून एक माणूस आला. माणूस म्हणजे माणसाचा आतला भाग. बाहेरचा घरी ठेवून आला होता. बत्तिशी दाखवत, मान डोलवत, तो सरळ माझ्या अंगावर आला आणि त्यानं माझ्या नव्या कोटाच्या खांद्यावर हात ठेवला. वर ढोलात बोलल्यासारख्या आवाजात म्हणाला, "बाजूला व्हा की सायेब! पाव्हण्याला वर्गात जायला उशीर हुतोय."

पुढचं मला आठवत नाही. पाहणारे सांगतात की मी कठड्यावरून उडी मारली, बागेतली जास्वंद आडवी केली, फाटक न उघडता ओलांडलं आणि थेट होटगी जंक्शनवर सापडलो. होटगीची गोष्ट खोटी आहे. मी स्टेशनच्या अलीकडेच थांबलो होतो.

परत आलो तेव्हा त्या सांगाड्याच्या मागून सहा फुटांचा एक धनगर बाहेर आला. मिशा अशा, की दोन्ही टोकांना एकेक कोकरू बांधावं. हा धुळा. दवाखान्याचा हमाल. रोज सकाळी आठ वाजता सांगाडा पुढ्यात धरून वर्गात न्यायचा, दोन तास उभा धरायचा आणि परत खोलीत आणून ठेवायचा, हे त्याचं काम. माझी टोपी त्यानं जास्वंदीतून काढून आणली होती. ती झटकत म्हणाला, "तुमी पळालात ते बरं केलं. मागचा कारकून पडला हुता."

तो वर्ग होता नर्सांचा आणि सुईणींचा. त्या काळी मुलीला नर्स करायचं म्हटलं की शेजारीपाजारी तोंडाला पदर लावत. चांगल्या घरची पोर परपुरुषाची नाडी धरणार म्हणजे काय! त्यामुळे वर्गाला यायच्या त्या विधवा, टाकलेल्या, नाहीतर गिरणीत हात पोळलेल्या. अशा सात-आठ जणी आणि त्यांना शिकवायला डॉक्टर गुरुबसप्पा. डॉक्टर मोठे विद्वान आणि मनाचे चांगले, पण शरीरशास्त्र इंग्रजीतच शिकवायचं असतं अशी त्यांची श्रद्धा. घरी कानडी बोलत, बाजारात मराठी बोलत, आणि वर्गात हाड हातात घेतलं की विलायतेला जात. समोरच्या बायका एकमेकींकडे बघत. दोन तासांत त्यांना एकच शब्द कळे: "अंडरस्टँड?" त्यावर सगळ्या माना हलवत.

सांगाड्याच्या मागे उभ्या असलेल्या धुळाला मात्र नऊ वर्षांत सगळं कळलं होतं. त्यानं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, सही म्हणून अंगठा उठवायचा. पण तेच व्याख्यान नऊ वर्षं ऐकल्यावर डॉक्टरांना जेवढं येत होतं तेवढं त्याला येऊ लागलं, आणि डॉक्टर जिथं विसरत तिथं त्याला जास्त येत होतं. डॉक्टरांची छडी चुकीच्या बरगडीकडे निघाली की सांगाडा हळूच अंग वळवून बरोबर बरगडी पुढे करायचा. डॉक्टरांना वाटे, वाऱ्यानं हललं. त्या वर्गात वारा यायला एकही खिडकी नव्हती.

दुपारी डॉक्टर जेवायला गेले की खरा वर्ग भरायचा. धुलाईखान्यामागं लिंबाचं झाड होतं, त्याखाली धुळा आपलं काळं घोंगडं पसरायचा. सांगाड्याची मोठी हाडं तारेत ओवलेली होती, पण हाताची, पायाची आणि दुसऱ्या एका माणसाची बरीच हाडं एका पेटीत सुटी असत. ती पेटी तो घोंगड्याखाली रिकामी करायचा आणि बायकांना म्हणायचा, "घाला हात. बघायचं न्हाय."

"बघितल्याशिवाय कसं कळंल वो, धुळामामा?" कमलम्मा म्हणायची. ही विणकरांच्या घरची, जिभेनं तिखट.

"डोळ्यानं मेंढरू वळकतोय त्यो कच्चा धनगर," धुळा म्हणायचा. "वाड्यात दोनशे मेंढरं दाटून बसल्यात, अंधार पडलाय, एक कण्हतंय. मग काय त्याचं तोंड बघत बसायचं? हात घालायचा. पाठीवरनं, खुब्यावरनं कळलं पायजे, ह्ये कुणाचं कोण. पोटातलं मूल तरी डोळ्याला दिसतंय व्हय तुमच्या?"

या शेवटच्या प्रश्नाला डॉक्टर गुरुबसप्पांच्या पुस्तकातही उत्तर नव्हतं.

त्याची पद्धत ठरलेली होती. आधी बाजारातून आणलेला मेंढीचा पाय. सांधा न् सांधा सोडवून हातात द्यायचा. तो अंगवळणी पडला की मग माणूस. "आदी वळखीचं, मग बिनवळखीचं," म्हणायचा. माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं, पण तो ती विसांच्या हिशेबानं सांगे: "धा ईसा आन वर सा. एवढाच कळप. एवढा सांबाळाय न्हाय आला तर नर्स कशाची?" मनगटात आठ बारकी हाडं असतात. त्यांतलं एक वाटाण्याएवढं, जरा बाहेर आलेलं. त्याला तो म्हणे, "ह्ये खोडकर. सारकं कळपाभायेर." त्याचं इंग्रजी नावही तो सांगायचा, आणि ते डॉक्टरांपेक्षा स्वच्छ. बायका डोळे मिटून, कोपरापर्यंत हात घोंगड्यात घालून बसत. बाहेरच्या माणसाला वाटावं, इथं कसला तरी नवस चाललाय.

एकोणीसशे एकतीस सालच्या वर्गात निंगव्वा होती. मैंदर्गीची, धनगराचीच, सोळाव्या वर्षी नवरा गेलेली. मराठी जेमतेम, इंग्रजी शून्य, आणि भिडस्त इतकी की स्वतःचं नाव विचारलं तरी दाराकडे बघायची. आदल्या वर्षी ती नापास झाली होती. दवाखान्याचा नियम असा की दोनदा नापास झाली की नाव कमी. आणि नाव कमी झालं की तिचा दीर गाडी जुंपून तयारच होता. त्यानं घरात तिच्यासाठी तीन कामं मोजून ठेवली होती: दळण, शेण आणि त्याच्या बायकोच्या शिव्या. हे सगळ्या दवाखान्याला माहीत होतं, कारण दीर दर महिन्याला फाटकाशी येऊन विचारायचा, "पास झाली का न्हाई अजून? न्हाई तर न्हेतो की."

धुळा तिच्याशी कानडीत बोलायचा. "कण्णु मुच्चु," म्हणायचा, म्हणजे डोळे मीट. डोळे मिटले की त्या पोरीची भीड जायची. उजवं कोणतं, डावं कोणतं, म्हाताऱ्याचं की तरण्याचं, बोटं फिरवून सांगायची. धुळा मला म्हणाला, "कारकूनसायेब, ही डॉक्टरला शिकीवल. पर समोर सायेब बसला की हिची वाचा जातीया."

परीक्षा आली. पुण्याहून परीक्षक यायचे होते. त्या दिवशी सकाळी मी टेबलावर शाई-टाक मांडत असताना धुळा आला आणि सहज, हवापाण्याचं सांगावं तसं म्हणाला, "मनगटातलं एक हाड कुत्र्यानं न्हेलं. आठ दिस झालं."

"मग? पेटी तर डॉक्टरांनी काल मोजून सीलबंद केली. आठही होती!"

"व्हय की. मी घातलं त्यात एक."

"कुठून आणलंस?"

"मेंढराचं."

मी हातातला टाक खाली ठेवला. "अरे धुळा! माणसाच्या पेटीत मेंढराचं हाड?"

"मग? दुसऱ्याचं कोकरू आपल्या वाड्यातनं हरवलं तर आपलं घालून कळप पुरा करायचा. धनगराचा कायदा हाय. तवर माणसाचं कुठनं आणू? तुमचं देता का?"

मी माझं मनगट कोटाच्या बाहीत ओढून घेतलं. त्याला मनापासून कळत नव्हतं की यात चुकलं काय. हरवलेल्याची भरपाई केली होती, तीही स्वतःच्या खिशातून आणि चांगल्या निरोगी जनावराची. सील फोडायचं तर डॉक्टरांना सांगायला हवं, आणि सांगितलं तर धुळाची नोकरी. तेवढ्यात परीक्षकांचा टांगा आत शिरला.

परीक्षक बुटके, चष्मेवाले आणि रेल्वेच्या प्रवासानं कावलेले होते. पेटीचं सील फोडून त्यांनी एकेकीला बोलावलं. कमलम्मा तिसरी. मनगटाची आठ हाडं तिनं धडाधड सांगितली, मेंढरासकट. परीक्षक म्हणाले, "व्हेरी गुड." मी दाराशी उभ्या धुळाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

शेवटी निंगव्वा. ती आली आणि मांडीचं हाड हातात मिळताच तिनं डोळे मिटले.

"झोप आली का?" परीक्षक म्हणाले.

डॉक्टर गुरुबसप्पांनी घाम पुसला. पण बोटं फिरली आणि बारीक आवाज आला, "फीमर. डावा." गळपट्टीचं हाड दिलं. "क्लॅव्हिकल. उजवा." परीक्षकांनी चष्मा वर केला. एकामागून एक अकरा हाडं दिली, अकराही बरोबर, आणि आवाज दर हाडागणिक वाढत गेला. मग त्यांनी मनगटाची आठ तिच्या ओंजळीत टाकली. सात झाली. आठवं तिनं उलटं केलं, सुलटं केलं, अंगठ्यानं दाबलं, नाकाशी नेलं. खोलीत कुणी श्वास घेईना. मी तर सकाळपासूनच घेत नव्हतो.

"सर," ती डोळे न उघडता म्हणाली, "हे पण मनगटातलंच हाय. पण माणसाच्या न्हाई. कुरी. मेंढरू."

परीक्षक आधी हसले, मग तांबडे झाले. "गेल्या वर्षी नापास, आणि यंदा ही प्रगती? माणूस आणि मेंढरू वेगळं करता येत नाही?" त्यांनी टाक उचलला. निंगव्वानं डोळे उघडले, समोर साहेब दिसला आणि तिची वाचा गेली. तिची नजर दाराकडे गेली. दाराबाहेर तिचा दीर बसून होता.

तेव्हा धुळा आत आला. परीक्षेच्या खोलीत हमालानं पाय ठेवायचा नसतो, हे त्याला नऊ अधिक चार वर्षं माहीत होतं.

"सायेब, लिवू नगा. त्ये हाड माजं हाय."

"तुझं?" परीक्षकांनी त्याच्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"माज्या मेंढराचं. मी घातलंय. पोरीनं बराबर वळकलं. वळकलं न्हाय ते तुमी."

डॉक्टर गुरुबसप्पा आयुष्यात पहिल्यांदा वर्गात कानडीत बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. परीक्षक ते हाड घेऊन दाराच्या उजेडात गेले आणि भिंगातून बराच वेळ बघत राहिले. सकाळपासून सहा जणींना त्यांनी त्या मेंढराबद्दल पूर्ण गुण दिले होते. परत आले, खुर्चीत बसले आणि निंगव्वाच्या नावापुढं काहीतरी लिहिलं. लिहिताना मान वर केली नाही.

बाहेर मी कमलम्माला विचारलं, "तुला कळलं नाही का गं?"

"कळायला काय झालं? आठ असतात, सात झाली, उरलं ते आठवं. विचारलं त्याचं नाव सांगितलं. आमच्या धुळामामाला लटकवू होय?"

मग निंगव्वानं का सांगितलं, हे मी पुढं एकदा धुळाला विचारलं. तुला अडचणीत आणलं म्हणून राग नाही का आला, असंही विचारलं. तो माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागला की दोनदा नापास झालेला मी असावा. "राग? आवो, तिनं खोटं सांगितलं असतं तर मी तिला काय शिकीवलं? उद्या बाळतिणीच्या खाटंवर सायेबाला बरं वाटावं म्हणून बोलायची व्हय ती?"

वैद्यकशिक्षणावर मी त्यानंतर बरीच भाषणं ऐकली. हारतुऱ्यांची, पाटावर बसून, टेबलावर मूठ आपटून केलेली. यापेक्षा चांगलं एकही ऐकलं नाही. आणि हे सांगणाऱ्याच्या हातात तेव्हा शेणाची पाटी होती.

निंगव्वा त्या वर्षी वर्गात पहिली आली. दीर रिकामी गाडी घेऊन मैंदर्गीला गेला. तिला बार्शीकडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली.

धुळावरचा हुकूम मलाच लिहावा लागला. अस्थिसंचात परके हाड मिसळल्याबद्दल आणि परीक्षेत विनापरवानगी प्रवेश केल्याबद्दल त्याला सांगाड्याच्या कामावरून काढून बागेवर नेमलं. नवा सांगाडा मागवला गेला आणि काचेच्या कपाटात ठेवला गेला. त्याची किल्ली डॉक्टरांकडे असे. पुढच्या वर्षी सातांपैकी पाच जणी नापास झाल्या, आणि चौतीस साली पुरेशा बायका येत नाहीत म्हणून वर्ग बंद करण्यात आला. धुळा आठ वर्षं झाडांना पाणी घालून एकोणचाळीस साली रिटायर झाला. त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही, कारण तोपर्यंत बागेत नळ बसवला होता.