पलंगावर बसून शॉक लागत नाही

आमच्या रेडिओच्या बटणावरची टोपी तुटली होती आणि आतली लोखंडी दांडी तेवढी उरली होती. स्टेशन बदलायचं तर तीच धरून फिरवावी लागे, आणि फिरवली की मला शॉक लागे. मुंग्या वगैरे नव्हे, कोपरापर्यंत सणक जायची. सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी सोलापुरात आले, त्या पहिल्या वर्षातली ही गोष्ट.

सासूबाईंना सकाळी कन्नड भजनं हवी असत, यांना मराठी बातम्या. या दोन स्टेशनांत काटा फिरवायचं काम माझं. तेही फरशी पुसता पुसता, अनवाणी, ओल्या हातानं. घरात चप्पल घालायची सोय नव्हती, कारण पलीकडच्या कोनाड्यात देव होते.

मी यांना पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा हे पलंगावर मांडी घालून बसले होते. बसल्या जागेवरून हात लांब करून त्यांनी दांडी धरली.

"कुटं लागतोय? हे बघ, धरलाय की मी."

"खाली उतरून धरा की एकदा."

"बसून काय नि उभं राहून काय, रेडिओ तोच की."

शिकलेला माणूस, सात रस्ता भागातल्या कचेरीत मान असलेला, आणि कोरड्या पलंगावर बसून मला खोटं पाडत होता. सासूबाईंनी तर रेडिओला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं, पण त्यांचंही मत तयार होतं. "लई नाजूक हाय बाई ही." पाहुण्यांपुढं याची थट्टा व्हायची. मी हसायचे आणि आतून जळायचे. वर्षभर सांगत राहिले, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

एका सकाळी हे आंघोळ करून ओल्या पायांनीच बाहेर आले आणि म्हणाले, "बातम्या लाव गं." आदल्याच दिवशी मला असा शॉक बसला होता की संध्याकाळपर्यंत हात जड होता.

"मी लावत नाही. तुम्हीच लावा," मी म्हणाले. चिडूनच म्हणाले.

नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उभं राहून त्यांनी दांडी धरली आणि मटकन खाली बसले.

सासूबाई धावत आल्या. हात चोळला, तोंडात साखर घातली, वारा घातला. मला वर्षभरात साखरेचा कण मिळाला नव्हता. त्या दिवशी कचेरी बुडाली. रेडिओ चादरीत गुंडाळून आम्ही टांग्यानं नवी पेठेत दुरुस्तीच्या दुकानात गेलो. रेडिओ अर्थात माझ्या मांडीवर.

ओल्या फरशीची हकीकत ऐकत दुकानदारानं मागचा पुठ्ठा काढला. आतला एक कंडेन्सर खराब होऊन करंट आतल्या सगळ्या पत्र्यावर आणि तिथून दांडीवर उतरत होता, आणि अर्थिंगची तार कुणी कधी जोडलीच नव्हती.

"ओल्या जमिनीवरनं हात लावलाय, वाचलात की," तो म्हणाला. "कधीपासून लागतोय शॉक?"

मी तोंड उघडणार, इतक्यात हे म्हणाले, "आज सकाळपासून."