दोन टॉवेल, दोन टोप्या

माझी नणंद प्रभावती हिच्याबद्दल मी लिहिते आहे म्हटल्यावर नवरा हसला. म्हणाला, "तूच तं तिले सही कराले घेऊन गेलती." गेले होते. तेही लिहिणार आहे.

ताई छप्पन्न वर्षांची. उंची बेताची, आवाज मात्र बेताचा नाही. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये ती बायांची मुकादम आहे. हंगामात चाळीस बाया तिच्या हाताखाली कापसातला पानकचरा आणि डागी कापूस वेचून काढतात. जिनिंगचा पट्टा सुरू असतानाही तिची हाक शेवटच्या बाईपर्यंत पोचते. मालक तिला 'प्रभावतीबाई' म्हणतो आणि बोलताना जरा मागे सरकून उभा राहतो.

एकोणिसाव्या वर्षी तिचं दारव्ह्याला लग्न झालं आणि दोन वर्षांत ती परत आली. नवऱ्याने हात उचलला, हिने पिशवी उचलली आणि एसटी धरली. माझे सासरे गोविंदराव दारातच बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "जेवली काय?" त्यानंतर पस्तीस वर्षं तिला त्या घरातून जा असं कोणी म्हटलं नाही. छपराचे टीन बदलले तिने, न्हाणी बांधली तिने. शेवटी मामाजी, म्हणजे सासरे, अर्धांगाने चार वर्षं खाटेवर होते, तेव्हा पहाटे त्यांचं सगळं आवरून ती जिनिंगला जायची आणि दुपारच्या सुट्टीत त्यांना चारायला धावत यायची. आम्ही दोघा भावांची कुटुंबं सणावाराला जायचो. फळं न्यायचो.

मागच्या वर्षी मामाजी गेले. तेरवीचे पाहुणे पांगले तसे माझे भासरे, म्हणजे थोरले दीर बबनराव, जे पुसदला स्वतःच्या घरात राहतात, म्हणाले, "घर रस्त्यावर हाय. एक व्यापारी गोदामाले मागून राह्यला. ताईची हक्कसोड घेऊन टाकू."

"अन् ताई?" अमरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने विचारलं.

"राहीन की. सहा महिने माह्याकडे, सहा महिने तुह्याकडे."

ताई आत भांडी घासत होती. तिला ऐकू गेलं नसेल असं मानायला आम्ही सगळे तयार होतो. अमर गप्प बसला. मीही गप्प बसले, कारण यवतमाळात भाड्याच्या दोन खोल्यांचा मला आता कंटाळा आला होता आणि विक्रीच्या पैशात स्वतःचं घर दिसत होतं.

आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. बहिणीने हक्कसोडीवर सही करायची आणि भावाने तिला साडी नेसवायची. नाही म्हटलं तर माहेर तुटतं. मीही केली होती. बारा वर्षांपूर्वी कळंबला माझ्या भावाने आधी चिंतामणीचं दर्शन घडवलं, मग रजिस्ट्रीच्या ऑफिसात नेलं, मग मोरपंखी साडी दिली. मी ती आळीभर दाखवत फिरले होते.

तर ताईची साडी घ्यायचं काम माझ्याकडे आलं. हिरवी घेतली, चांगली काठाची. सहीच्या दिवशी सकाळी ऑटोत ती माझ्या शेजारी, मांडीवर जिनिंगची पिशवी.

"काही नसते ताई," मी म्हटलं. "एक सही. मीबी केली ना."

"मंग आता माहेरी गेली की कोणती खोली तुही?"

मी बाहेर बघत बसले. जाते तेव्हा मी भाचीच्या खोलीत झोपते, आणि माझी बॅग रात्रभर दारामागे बांधलेलीच असते. हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं.

रजिस्ट्रीच्या ऑफिसाबाहेरच्या मांडवात कागद लिहिणारे देवीलालभाऊ बसले होते, अमर आणि बबनराव आधीच येऊन थांबले होते. कागद तयार होता. त्यांनी घडाघडा वाचला, "...भावांवरील नैसर्गिक प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने..."

"थांबा," ताई म्हणाली. "सावकाश वाचा."

त्यांनी सावकाश वाचलं.

"प्रेमापोटी लिवलं तुमी?"

"कायद्याची भाषा हाय बाई. सगळ्यायलेच लिवतो."

"मंग प्रेम मलेच हाय का? या दोघायले माह्यावर नाही?"

ताईने पिशवीत हात घातला. दोन पांढरे टॉवेल निघाले, त्यांच्यावर दोन टोप्या. आपल्या हाताने नीट घड्या करून तिने ते माझ्या हिरव्या साडीशेजारी मांडले.

"बहिणीनं सोडलं तं साडी. भावानं सोडलं तं टॉवेल-टोपी. मी घेऊन आली. देवीलालभाऊ, अजून दोन कागद लिवा, हेच लिवा, फक्त नावं बदला."

"ताई, तमाशा कायले करून राह्यली?" बबनराव दातओठ खात म्हणाले. "लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. कागदाले दोन साक्षीदार लागतात. आपल्याले पन्नास भेटले."

मांडवात हशा पिकला. ताई हसली नाही. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "बबन, तुमाले घर विकाचं हाय. मले त्यात राहाचं हाय. बाबूजी गेले त्या खोलीत मी झोपतो. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, मी काय खाट हाय?"

ऐकलं होतं तिने. खरं सांगते, त्याच क्षणी मला तिचा असा अभिमान वाटला की साडीवरचा माझा हात मी काढून घेतला.

अमरने टोपी उचलली, बोटांत फिरवली आणि परत ठेवली. "दादा, ही घातली तं मले सही करा लागीन. नाही घालत, तं ताईले सही मागाचं तोंड नाही मले." त्याने हिरवी साडी उचलून माझ्या हातात दिली. बबनराव उठून चहाच्या टपरीकडे गेले. त्या दिवशी कोणीच सही केली नाही.

चार महिने बबनराव बोलले नाहीत. पोळ्याला आले. ताईने पुरणपोळी वाढली आणि त्यांचं जेवण झाल्यावर म्हणाली, "मी मोठी, वाटे मी करतो. उचलाचे तुमी आधी." घरात तीनच खोल्या. बबनरावांनी रस्त्यावरची उचलली, अमरने मधली, तिला मागची चुलीची उरली. ती खुशीत होती, विहीर मागेच आहे. आता नगरपरिषदेच्या पावतीवर तीन नावं आहेत आणि पहिलं प्रभावतीचं. व्यापारी अजून विचारतो, पण त्याला तीन सह्या लागतील, आणि ताईची कशी मिळते ते बबनरावांनी पाहिलंय.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा मी माझी बॅग उचलली. ताईने ती माझ्या हातातून घेतली, मधल्या खोलीत नेली, उघडली आणि माझी दोन लुगडी काढून फळीवर ठेवली.

"हे राहू दे इथी. येशील तवा रिकामी ये."

मग मधल्या खोलीच्या कुलपाची किल्ली तिने काढली. अमरने हात पुढे केला होता. तिने तो बाजूला सारला आणि किल्ली माझ्या मुठीत ठेवली.