अंगात येणारी स्प्रिंग

यंत्राजवळ आला की मिस्त्री पान्याचं एक टोक दातांत धरायचा आणि दुसरं यंत्राला टेकवायचा. कानापेक्षा त्याचा भरवसा दातांवर. आम्ही हसलो की दातांतला पाना न सोडताच म्हणायचा, "थांब बे, बोलायलीय ती."

निजामाच्या अमलातली गोष्ट. घाटनांदूरकडच्या एका कापसाच्या जिनात मी कारकून होतो. तिथं सरकी काढायच्या एका यंत्राची सुरी दाबून धरणारी स्प्रिंग सारखी तुटायची. एकदा तिचा तुकडा उडाला आणि समोर कापूस घालणाऱ्या सखूबाईचं कपाळ फुटलं. डोळा बोटभरानं वाचला.

मालक म्हणाले, नवी बसवा, चालू करा. मिस्त्री आडवा आला. "स्प्रिंगीत खोट न्हाई, मालक. ठराविक वेगाला तिच्या अंगात येतंय. हलगीचा एक ठेका लागला की बाई घुमती, तसं. ते उतरल्याबिगर इथं कुणी बाई बसणार न्हाई."

मालकांनी 'अंगात येतंय' एवढंच ऐकलं! मला पिटाळलं, आणि मी शहाणा, खरंच देवऋषी घेऊन आलो. त्यानं यंत्रावरून लिंबू उतरवलं, कडुलिंबाचा पाला फिरवला. मिस्त्री बघतच राहिला. "कारकून, तू शिकल्याला ना बे?" लाज अजून वाटते.

मग हा पेटला. स्प्रिंगला कापड गुंडाळलं, ते सुटलं. डांबर फासलं, ते तडकलं. शेवटी सायकलच्या पंक्चरला लावतात ते रबराचं सोल्यूशन मागवलं. एक थर द्यायचा, दिवसभर वाळवायचा, मग दुसरा. "रबर तिची थरथर गिळतंय," म्हणायचा. मालक रोज ओरडत, हा रोज एक थर देई. असला हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंत्र सुरू झालं तेव्हा कापूस घालायला तो स्वतःच बसला, बायकांच्या रांगेत. बायकांना चेवच आला. "मिस्त्री, लुगडं आणू का?"

"आण की. हिरवं आण."

आठ दिवस यंत्र पूर्ण वेगात पळालं. स्प्रिंग तुटली नाही.

नवव्या दिवशी सखूबाई आली. "उठा दादा, माजी जागा हाय ती."

मिस्त्री जाऊन आता लई वर्षं झाली, पण मला तो दिसतो तो त्या दिवसाचाच. उठला, पण गेला नाही. तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि आपला रुंद पंजा स्प्रिंग आणि तिचा चेहरा यांच्या मधे धरला.

"हात काढा की! कापूस दिसंना मला."

"दिसंल. जरा वाकून बघ," तो म्हणाला, आणि सुट्टी होईस्तोवर हात तिथंच धरून बसला.