आमच्या गोलकीपरचं नाव

पनवेलमधल्या एका घरात शनिवारी संध्याकाळी आभाळात तीन चांदण्या दिसल्याशिवाय टीव्ही लागत नसे. घर माझ्या शाळेपासूनच्या मित्राचं. तो ज्यू, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणातला, आमच्यासारखंच मराठी बोलणारा, सरकारी कचेरीत नोकरी केलेला. त्याची आई शनिवार कडक पाळायची. शुक्रवारी सूर्य मावळताना ती दिवा लावी, आणि मग शनिवारी अंधार पडेपर्यंत त्या घरात ना गॅस पेटे, ना कुठलं बटण दाबलं जाई. आणि इंग्लंडमधल्या फुटबॉलची आम्हाला सोयीची मॅच नेमकी शनिवारी संध्याकाळीच असायची.

आम्ही तिघं. मी, हा मित्र आणि आमचा गोलकीपर. गोलकीपर उरणजवळच्या करंज्या गावचा. बंदरावर त्याच्या घरची होडी होती, पुढे तोच ती चालवू लागला. कॉलेजसाठी तो पनवेलला मामाकडे राहिला होता, तेव्हाची आमची ही टीम. नंतर तो गावी परत गेला तरी शनिवारी दुपारी बाजाराला पनवेलला यायचा, होडीचं काही सामान, जाळ्याची दोरी वगैरे घ्यायचा आणि उरणच्या शेवटच्या एसटीच्या आधीपर्यंत आमच्यासोबत बसायचा. म्हणून आम्हाला लवकरचीच मॅच चालायची. आणि माझ्या घरी टीव्हीवर वडिलांचं राज्य होतं, त्यामुळे जायचं ते मित्राच्याच घरी.

आता गंमत बघा. मॅच पाच नाहीतर सहाला सुरू. हिवाळ्यात बरं असे, मध्यंतराच्या आसपास चांदण्या दिसत. एरवी शेवटची दहा मिनिटं हाती लागत, आणि कधीकधी तीही नाही. आई गच्चीत उभी, तिच्या बाजूला आम्ही तिघं घोडे माना वर करून. गोलकीपरची नजर समुद्रावरची, तो सगळ्यात आधी चांदणी दाखवायचा. आई म्हणायची, ते विमान आहे. पावसाळ्यात तर आभाळच दिसत नसे, मग ती घड्याळ बघून आम्हाला वर दहा मिनिटं जास्तच बसवून ठेवी. मग खाली येऊन चहा टाकायची, शुक्रवारीच तळून ठेवलेल्या करंज्या डब्यातून काढायची आणि म्हणायची, आता लावा तुमचं ते. आयुष्यातल्या कितीतरी मॅच आम्ही उत्तरार्धापासून पाहिल्या. त्या करंज्यांची आठवण आली की अजूनही मला आतून भरून येतं, खोटं कशाला बोलू.

गोलकीपरला आम्ही, म्हणजे मी, एक टोपणनाव दिलं होतं. ते इथे लिहीत नाही. दूरच्या एका देशाचं होतं आणि त्याच्या कातडीच्या रंगावरून होतं, एवढं पुरे. टीमचा कॅप्टन मी, त्यामुळे मी ठेवलेलं नाव चिकटलं. मैदानाच्या कडेला उभी राहणारी पोरंही त्याच नावाने ओरडायची. तो हसायचा. म्हणजे मला तसं वाटायचं.

एका वर्षी गावातल्या स्पर्धेत आम्ही फायनल जिंकलो. बांबूचे गोलपोस्ट, घोट्याएवढा चिखल, आणि त्या चिखलात याने पेनल्टी अडवली. उत्कृष्ट गोलरक्षकाची ट्रॉफी त्याला. बक्षीस समारंभ पुढच्या रविवारी होता, तोवर नावं कोरून आणायचं काम माझ्याकडे होतं. दुकानदाराने पूर्ण नाव विचारलं, आणि मी गंमत म्हणून ते टोपणनाव सांगितलं. बक्षीस देताना माइकवरूनही तेच पुकारलं गेलं. सगळं मैदान हसलं. त्याची आई करंज्याहून आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. ट्रॉफीवरून बोट फिरवत तिने मला विचारलं, यावर काय लिहिलंय? मी म्हणालो, तुमच्या मुलाचं नाव, मावशी. मागे पोरं फिदीफिदी हसली. हा किस्सा मी नंतर तीस वर्षं रंगवून सांगत आलो. माझ्या लग्नातसुद्धा सांगितला.

मग टाळेबंदी आली आणि आमचे शनिवार बंद पडले. त्या काळात मित्राची आई मुलीकडे इस्रायलला गेली ती तिकडेच राहिली. सगळं सुरळीत झाल्यावर आम्ही पुन्हा त्याच घरी जमलो, तेव्हा पावसाळा सरत आला होता. पाच वाजता बाहेर लख्ख ऊन आणि टीव्ही चालू. मित्र स्वतः इतकं पाळत नाही. तरी बटण दाबताना त्याने एकदा गच्चीच्या जिन्याकडे बघितलं. चांदण्यांची वाट न बघता त्या घरात मॅच बघायला बसायची आमची ती पहिलीच वेळ. म्हणून शिट्टीच्या आधीचा तो प्रकार आम्ही तिघांनी एकत्र पहिल्यांदाच पाहिला.

खेळाडू जागच्या जागी एक गुडघा टेकून बसले. रंगावरून माणसाला हीन लेखण्याच्या विरोधात ही त्यांची खूण, हे आम्हा तिघांनाही बातम्यांमधून माहीत होतं. स्टेडियममध्ये कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी हुर्यो करत होतं. त्यातला एक काळा खेळाडू मात्र बसलाच नाही, ताठ उभा राहिला.

माझं तोंड मुळातच गप्प बसणारं नाही. मी म्हणालो, ही नाटकं कशाला, आम्ही खेळ बघायला बसलोय, प्रार्थनेला नाही. मित्र म्हणाला, पाच सेकंदांनी तुझं काय बिघडलं? मी म्हणालो, दर आठवड्याला तेच तेच केलं की त्याला काही अर्थ राहत नाही, नुसती सवय होते. तो शांतपणे म्हणाला की त्याच्या आईने साठ वर्षं दर शुक्रवारी दिवा लावला, सवय झाली म्हणून तिने तो लावायचा सोडला नाही. हे मला झोंबलं. वादात मागे पडलो की मी आवाज चढवतो. टीव्हीकडे बोट करून मी म्हणालो, अरे तो बघ उभा राहिलाय, त्यांच्यातल्याच माणसाला हे पटत नाही. आणि आपल्याला काय करायचंय, आपल्याकडे कुठे असलं काही असतं?

मग गोलकीपर बोलला, टीव्हीकडे बघतच.

"त्याला नाय पटत ते येगळं. तुला नाय पटत ते येगळं."

मी हसून म्हणालो, ते कसं काय बुवा? आणि वाक्याच्या शेवटी सवयीने त्याला ते नाव लावलं.

तो वळला. "आता काय हाक मारलीस मला? आपल्याकडं नाय म्हणतोस ना? तीस वर्सं तेच तर आयकतोय मी."

मी काय केलं असेल? मी चिडलो. म्हणालो, इतकी वर्षं हसत होतास, तेव्हा नाही बोललास ते. तो म्हणाला, टीममध्ये राहायचं होतं म्हणून हसत होतो. एवढं बोलून त्याने जाळ्याच्या दोरीची पिशवी उचलली आणि गेला. एसटीला अजून तीन तास होते.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ग्रुपवर मी एक विनोद टाकला, त्यावर काही नाही. फोन उचलला नाही. मी घरी आणि दारी सांगत सुटलो की माणसं हल्ली फार हळवी झाली आहेत. बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, त्याचं खरं नाव काय रे? लग्नापासून ती त्याला ओळखते, त्याला पन्नासदा जेवायला वाढलंय, आणि तिला त्याचं खरं नाव माहीत नव्हतं. त्या प्रश्नानंतर माझा आवाज जरा खाली आला.

मित्राकडे गेलो तर तोही सरळ बोलला. म्हणाला, मी त्याला ते नाव घेऊन कधी हाक मारलीय, आठव. मी आठवू लागलो. एकदाही नाही. तीस वर्षं तो त्याला त्याच्या नावाने हाक मारत होता, माझ्या समोर, माझ्या शेजारी बसून, आणि ते माझ्या कानावरच पडलं नव्हतं. शाळेत या मित्राला मुलं 'शनवार, शनवार' म्हणून चिडवायची, ते तो म्हणाला नाही. मलाच आठवलं. चिडवणाऱ्यांत मीही होतो.

तिसरा शनिवार रिकामा गेला तेव्हा मात्र मी घाबरलो. आमच्या वयात नवे मित्र होत नाहीत. गच्चीत माना वर करून उभे असलेले आम्ही तिघं, त्यातला एक मी माझ्या जिभेने घालवतोय, हे कळत होतं. रविवारी सकाळी मी करंज्याला गेलो.

बंदरावर मासळीचा लिलाव आटपत आला होता. तो होडीत होता. मला बघून म्हणाला, घरी जा, आई हाय, येतो मी. रागाने नाही, पण नेहमीसारखंही नाही. दारात कोळंबीचे सोडे वाळत घातले होते. त्याची आई आता ऐंशीच्या पुढची, पण तिने मला ओळखलं. ये रं, बस म्हणाली, पाणी दिलं. पाणी पिताना माझी नजर समोरच्या काचेच्या कपाटाकडे गेली.

ट्रॉफी तिथे होती. पितळ काळवंडलं होतं, पण जागा सगळ्यात वरची, देवाच्या फोटोखालची. खालच्या पट्टीवर, जिथे मी ते नाव कोरून घेतलं होतं, तिथे कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तिचा एक कोपरा सुटला होता. शाई उडाली होती, तरी वाचता येत होतं. त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

म्हातारी माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी काही बोलायच्या आत तिनेच ट्रॉफी खाली काढून माझ्या हातात दिली. तोवर तोही आला, दारात हात पुसत उभा राहिला.

"खाऱ्या वाऱ्यानं दर दोन वर्सांनी सुटतंय ते," ती म्हणाली. "नात लिवायची. ती लगीन होऊन गेली. आता तू लिव. कोरून बी तूच आणलं होतंस ना?"

आवाजात राग नव्हता. पाणी हवंय का, हे ज्या आवाजात विचारलं होतं त्याच आवाजात तिने हे म्हटलं. त्या दिवशी घरी जाऊन तिने ती ट्रॉफी कुणाकडून तरी वाचून घेतली असणार. मी तिला तोंडावर खोटं सांगितलं होतं हे ती तीस वर्षं जाणून होती, आणि तेवढीच वर्षं मी तो किस्सा हसून सांगत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने नातीच्या जुन्या वहीतला कागद दिला, डिंकाची बाटली दिली. मी जमिनीवर बसलो. बँकेत जन्मभर लोकांची नावं लिहिली, पण हे एक कधी लिहिलं नव्हतं. अक्षर पहिल्या वेळी वाकडं आलं, तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. चिकटवताना जुनी चिठ्ठी निघाली आणि खालची कोरलेली अक्षरं दिसली. खोल कोरलेली, अजून स्वच्छ. दुकानदाराने काम चोख केलं होतं. मी त्यावर चिठ्ठी दाबून धरली आणि डिंक वाळेपर्यंत बोट काढलं नाही.

"चुकलो मी," मी म्हणालो. कुणाकडे बघून म्हणालो ते मलाही सांगता येणार नाही. म्हातारीने ट्रॉफी घेऊन परत वर ठेवली आणि जेवून जा म्हणाली. जेवताना त्याने विचारलं की शनिवारची मॅच पाचची की सहाची.

त्या शनिवारी मी चार वाजल्यापासून पनवेलच्या स्टँडवर उभा होतो. उरणची एसटी लागली. गर्दीत तो उतरला, खांद्याला पिशवी, आणि माझ्याकडे पाठ करून बाजाराच्या दिशेने चालू लागला. मी त्याला नावाने हाक मारली.

तो थांबला नाही. कानावर पडलं असणार, पण माझ्या आवाजात ते नाव त्याने कधी ऐकलंच नव्हतं, तर थांबेल कशाला. मी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने, पूर्ण नाव घेऊन, आणि तो वळेपर्यंत मारत राहिलो.