रुखमाबाईचं सात नंबर

पोंभुर्ण्याच्या बसथांब्यासमोर खुशालचं मोबाईलचं दुकान आहे. त्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो भांडायला. बारा-तेरा वर्षं झाली असतील त्याला. मी एसटीत कंडक्टर, आणि आमची चंद्रपूरची गाडी तिथे वीस मिनिटं थांबायची. तेव्हा इकडे फोनवर इंटरनेट चालत नव्हतं, गाणी भरून घ्यावी लागायची. लोक नखाएवढं मेमरी कार्ड खुशालकडे द्यायचे आणि चहा पिऊन येईपर्यंत त्यात दोनशे गाणी भरून मिळायची. मी ड्रायव्हरच्या हाती कार्ड पाठवून भजनं भरायला सांगितली होती. घरी ऐकत बसलो, तर भजनं संपल्यावर धाड धाड धाड सुरू झालं. ना शब्द, ना पेटी, ना टाळ. शिवाय मध्येच ते बंद पडलं. दुसऱ्या दिवशी मी तावातावाने दुकानात शिरलो.

खुशालने दुरुस्तीच्या टेबलावरून मानही वर केली नाही. "ते बाईचं काम हाये, तिलेच विचारा," म्हणाला.

बाई म्हणजे त्याची बायको रुखमा. गाणी भरायचा कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होता. ती हसली. "बिघडलं नाई भाऊ, बंद बी नाई पडलं. ते फुकटातलं हाये. नव्या लोकायसाठी."

गोष्ट अशी होती की एक परदेशी पाहुणा जंगलातल्या वटवाघळांचा अभ्यास करायला आला आणि एक पावसाळा खुशालच्या मागच्या खोलीत राहून गेला. जाताना त्याने घरी बनवलेली एक सीडी दिली. त्याच्या तरुणपणी तिकडे रिकाम्या गोदामांमध्ये हजारो पोरं ज्यावर नाचायची, त्यातले गाजलेले बारा तुकडे त्याने निवडले होते. ज्यांनी असलं संगीत कधी ऐकलंच नाही, त्यांच्यासाठी. ते त्याने एकमेकांत मिसळले होते, काही आपल्या मनाने लांबवले होते. खुशालने ते कॉम्प्युटरवर चढवले. सीडी पुढे कुठे गेली कोण जाणे. मूळची इंग्रजी नावं गिऱ्हाइकाला काय कळणार, म्हणून रुखमाबाईने ती पुसली आणि आपली नावं दिली. इंजन. रोवणी. मधमाशी. बैल बुजला. सातव्याचं नाव होतं सबूर. मग येणाऱ्या प्रत्येक कार्डात, मागा अगर न मागा, शेवटी ती हे बारा टाकायचीच. अशी हट्टी बाई.

त्या दिवशी तिने माझ्या कानांना हेडफोन लावला आणि सात नंबर सुरू केलं. ठोका चालू होता, वर काहीतरी चढत चढत जात होतं, आणि एकदम ठोका गेला. फक्त एक बारीक सूर उरला. मी हेडफोन काढायला लागलो, तर तिने उजवा हात वर धरला, ट्रॅफिक पोलीस धरतो तसा. "थांबा. येते तो." मी थांबलो. कंडक्टरला थांबायचं काय कौतुक, पण ते थांबणं वेगळं होतं. मनात सोळा मोजून झाले आणि तिचा हात खाली आला. तो काउंटरवर आपटला त्याच क्षणी कानात ठोका पडला. माझे पाय आपोआप हलले. चाळिशीतला, पोट सुटलेला माणूस मी, खाकी कपड्यात त्या दुकानात नाचलो. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

असं तिने किती जणांना नादी लावलं असेल, त्याचा काही हिशेब नाही. पेन्शनवाले गुरुजी, भाताच्या रोवणीला जाणाऱ्या बाया, सगळ्यांना तोच हात आणि तेच "येते तो".

मग सगळ्यांच्या फोनवर इंटरनेट आलं आणि कार्ड भरायला कोणी येईना. तरी खुशाल दुकान रेटत होता. गेल्या वर्षी आषाढात रुखमाबाईला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. खुशाल दीड महिना तिला घेऊन दवाखान्यात होता, दुकान बंद होतं, आणि पत्र्यातून गळणारं पाणी नेमकं कॉम्प्युटरवर पडत राहिलं. त्यातली डिस्क तो चंद्रपूरला घेऊन गेला, नागपूरला घेऊन गेला. आतलं काही निघणार नाही, असं दोन्हीकडे सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की तिला जे आवडत होतं ते ऐकवा, त्याने माणूस परत येतं कधी कधी. खुशाल तिला खुर्चीत बसवून दुकानात आणायचा. भीमगीतं लावून पाहिली, सिनेमाची लावून पाहिली. ती भिंतीकडे पाहत बसायची. हात तर सोडाच, नजरही वळत नव्हती.

"तिले सात नंबर पाह्यजे, लटारूभाऊ," खुशाल मला म्हणाला. "पण मी ते शोधू कसा? नाव तिनंच पुसलं, आन् आता तिले सांगता येत नाई."

त्यांची मुलगी रिना गडचिरोलीला नर्स आहे. ती सुटीवर आली तेव्हा म्हणाली, फोनपुढे गुणगुणा, फोन गाणं ओळखतो. खुशाल फोन तोंडाशी धरून "धम धम टी टी धम" करत राहिला. फोनने त्याला एक लावणी दाखवली, मग झोपाळ्यावरचं एक बालगीत. आम्ही हसलो, खुशालही हसला, आणि हसता हसता त्याने तोंड फिरवलं.

मग मी माझ्या परीने सुरू केलं. तिकीट फाडता फाडता प्रत्येकाला विचारायचं, खुशालकडे भरलेलं जुनं कार्ड आहे का घरात? दोन महिने विचारलं. लोकांनी कार्डं आणलीही. भजनं होती, लग्नाचे फोटो होते, पण ते बारा कुठेच नव्हते. जागा कमी पडली की लोकांनी पहिलं तेच उडवलं होतं. फुकटात मिळालेलं. मला लोकांचा राग आला, मग आठवलं, माझ्या कार्डातून मीही तेच उडवलं होतं, नातवाच्या बारशाच्या व्हिडिओसाठी. ते मी खुशालला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी भागीरथाबाईच्या बटनाच्या फोनमध्ये सापडलं. ही म्हातारी माझ्या गाडीने भाजी घेऊन जाते. तिला पुसता येत नव्हतं म्हणून राहिलं. "पण फोन एकडाव धानाच्या बांधीत पडला होता," ती म्हणाली. "चिखलातून काहाडला."

त्या दुपारी मी दुकानातच होतो, रिनाही पुन्हा सुटीवर आली होती. बारांपैकी पाच उघडली, त्यात सात नंबर होतं. खुशालने स्पीकर लावला. ठोका सुरू झाला तशी रुखमाबाईची नजर भिंतीवरून सुटली. सूर चढला, ठोका गेला, आणि तिचा डावा हात मांडीवरून उठला. हळूहळू, पण वर. खुशाल ओरडलाच, "रिना, पाह्य! पाह्य मायचा हात!"

आणि गाणं तिथेच बंद पडलं. कार्ड त्यापुढे वाचलंच जात नव्हतं. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच. तिचा हात वरच. ती ठोक्याची वाट पाहत होती. खुशालने काउंटरवर हात आपटला, मी तिकिटांची पेटी बडवली. तिला ते चाललं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि हात काही खाली येईना.

रिनाने तेवढा तुकडा फोनला ऐकवला. आता फोनने अचूक नाव सांगितलं आणि मूळ गाणं पुरं मिळालं. आम्हाला वाटलं, जिंकलो. पण मूळ गाण्यात थांबा फक्त चारांचा होता. तो सोळाचा थांबा त्या पाहुण्याने स्वतः लांबवलेला होता. तिचा हात जेमतेम मांडीवरून सुटत होता तोवर ठोका पडून गेला. तिने गोंधळून स्पीकरकडे पाहिलं आणि हात परत ठेवून दिला. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा तो उचललाच नाही. पाहुण्याला रिनाने मेल टाकला, पण त्या पत्त्यावर आता काही पोचत नाही.

खुशालने आठ दिवस काहीच लावलं नाही. त्या आठ दिवसांत तिचा हात कशालाच उठला नाही. पाण्याच्या पेल्यालाही नाही, रिना निघाली तेव्हाही नाही.

काल चारच्या गाडीने गेलो तेव्हा तो मला म्हणाला, "तुमी सांगा भाऊ. लावू का नको? लावलं तर रडते, नाई लावलं तर नुसती बसून राह्यते."

तीस वर्षं मी भरल्या गाडीत लोकांना कुठे उतरायचं ते सांगत आलो. याच्यापुढे मी फक्त स्पीकर सरकवला.

त्याने ते अर्धंच लावलं. ठोका, चढणारा सूर, मग ठोका गेला. तिचा हात वर आला. गाणं पुन्हा तिथेच बंद पडलं. बाहेर आमची गाडी घरघरत होती. खुशाल तिच्यासमोर उभा राहून ओठांतल्या ओठांत मोजत होता, मला दिसत होतं. सोळा झाल्यावर त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हळूच खाली आणून काउंटरवर ठेवला. रुखमाबाईने तो सोडवून घेतला आणि पुन्हा वर धरला.