वरचा सूर

सावंतवाडीतल्या आमच्या शेजारीणबाई बोलताना उजव्या हाताची तीन बोटं कशावर तरी वाजवत असतात. कुंपणावर, पिशवीवर, कधी माझ्या खांद्यावरही. चर्चच्या फेस्ताला तीन कळांचा ट्रम्पेट त्याच वाजवायच्या. पुढचा दात पडून नवा बसवला, तेव्हापासून मात्र त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावला नव्हता. आणि गोव्याहून कार्यक्रमाला येणाऱ्या विद्यापीठाच्या जॅझ बँडने पाहुण्या वादक म्हणून नेमकं त्यांनाच बोलावलं.

"भीती वाटता काय?" मी निघताना विचारलं.

"वाटता गो. पण पोरांका हो म्हणान सांगलंय."

स्टेजवर मागे सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन घेतलेली मुलं, पुढे या एकट्या. सोलो रंगात आला आणि सगळ्यात वरचा सूर फाटला. बाईंनी ट्रम्पेट खाली घेतला, हसल्या आणि ड्रमवाल्याला हातानेच खुणावलं, चालू ठेव. बँड फिरून त्याच जागेवर येईपर्यंत त्या मान डोलवत थांबल्या. मग तोच सूर पुन्हा लावला. तो असा लागला, की त्या सोडेचनात. सगळा हॉल उभा राहिला. पुढचं काही दिसेना, म्हणून साठीची मी चक्क खुर्चीवर चढले.